एक निखर्व द्राख्मा आणि एक शिलिंग: सातारा जिल्ह्यातील एका डब्याचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेत शिकवणारे एक गृहस्थ गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पत्र्याचा एक डबा घेऊन माझ्याकडे आले. डब्यात त्यांच्या आजोबांचे लष्करातील सेवापुस्तक, काळवंडलेले ‘इटली स्टार’ पदक आणि मेणकापडात गुंडाळलेल्या दहा परदेशी नोटा होत्या. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय लष्कराच्या पुरवठा आणि वाहतूक दलात मोटारचालक होते. 1946 मध्ये ते घरी परतले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी शेती केली. नोटांविषयी ते फारसे बोलले नाहीत, त्यामुळे घरच्यांनी त्यांच्या वतीने एक कथा रचली. आजोबांना ग्रीसमध्ये पगार कोट्यवधींच्या नोटांत मिळत असे, तो त्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठवला, आणि मुंबईत उतरल्यावर बँकेने तो बदलून देण्यास नकार दिला, अशी ती कथा होती.

शिक्षक माझ्याकडे येण्याआधी दोन व्यापाऱ्यांना भेटून आले होते. पहिल्याने मोठ्या नोटेकडे पाहून ती ‘हिटलरच्या अमलातली जर्मनांची नोट’ असल्याचे सांगितले आणि ती लाखाच्या घरात जाईल अशी आशा दाखवली. दुसऱ्याने सर्व दहा नोटांसाठी मिळून काही शे रुपये देऊ केले. ‘सर, यांतले खरे कोणते मानायचे?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे जे लिहिले आहे ते या प्रश्नाचे उत्तर शोधताना केलेल्या तपासणीचे टिपण आहे. युद्धकाळातील ग्रीक नोटा जमवणाऱ्याला यातील काही गोष्टी उपयोगी पडतील, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

डब्यातील ऐवज

दहांपैकी आठ नोटा बँक ऑफ ग्रीसच्या होत्या. त्यांचे द्राख्मा या ग्रीक चलनातील दर्शनी मूल्य आणि त्यांवर छापलेली तारीख अशी: 25,000 द्राख्मा, 12 ऑगस्ट 1943, दहा लाख, 29 जून 1944, पन्नास लाख, 20 जुलै 1944, अडीच कोटी, 10 ऑगस्ट 1944, वीस कोटी, 9 सप्टेंबर 1944, पन्नास कोटी, 1 ऑक्टोबर 1944, दहा अब्ज, 20 ऑक्टोबर 1944, आणि शंभर अब्ज, 3 नोव्हेंबर 1944. नववी नोट 50 द्राख्मांची असली तरी तिच्यावरील मजकूर इटालियन होता. दहावी होती ब्रिटिश लष्करी प्रशासनाची, मुकुटावर उभ्या असलेल्या सिंहाचे चिन्ह मिरवणारी, एका शिलिंगची. शिक्षकांनी ती सर्वांत शेवटी आणि काहीशा संकोचानेच काढली, कारण आकड्यांच्या त्या मांदियाळीत ती अगदीच किरकोळ दिसत होती.

शंभर अब्ज म्हणजे एकावर अकरा शून्ये, आपल्या रोजच्या भाषेत दहा हजार कोटी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेल्या स्थानसंज्ञांनुसार अब्जाच्या पुढे खर्व आणि त्यापुढे निखर्व येतो, ही नोट नेमकी एक निखर्वाची ठरते. शाळेत पाठ केलेली ही संज्ञा प्रत्यक्ष चलनी कागदावर लागू पडलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ग्रीक लिपी येत नाही म्हणून अनेक जण या नोटांच्या वाटेला जात नाहीत, किंवा केवळ शून्ये मोजून नोट ओळखतात. प्रत्यक्षात तीनचार शब्द ओळखता आले की काम भागते. माथ्यावरील ‘त्रापेझा तिस एलादोस’ म्हणजे बँक ऑफ ग्रीस. ‘त्रापेझा’चा मूळ अर्थ मेज, सराफ ज्या मेजावर नाणी मोजत, त्या मेजालाच पुढे बँकेचा अर्थ आला. इंग्रजी पीसारखे दिसणारे अक्षर ग्रीकमध्ये र असते, एचसारखे दिसणारे इ असते आणि बीसारखे दिसणारे आधुनिक उच्चारात व असते, त्यामुळे महिन्याचे नाव इंग्रजी वळणाने वाचू गेल्यास फसगत होते. हजारांचे गट पाडण्यासाठी तेथे स्वल्पविरामाऐवजी टिंब वापरतात, हेही ध्यानात ठेवावे. मी या विषयात नवखा असताना ते टिंब दशांशचिन्ह समजून एका नोटेचे मूल्य हजारपट कमी नोंदवले होते.

तारीख काय सांगते

या प्रकरणाचा सगळा उलगडा आकड्यांतून नव्हे, तारखांतून झाला, म्हणून ग्रीसमधील त्या साडेतीन वर्षांचा क्रम येथे मांडणे आवश्यक आहे. 28 ऑक्टोबर 1940 रोजी इटलीने ग्रीसवर स्वारी केली आणि ती ग्रीकांनी परतवली. 6 एप्रिल 1941 रोजी जर्मनी चालून आली आणि 27 एप्रिलला अथेन्स पडले. देशाची तीन जेत्यांत वाटणी झाली. मोठा भूभाग इटलीकडे, थेस्सालोनिकीसारखी मोक्याची ठिकाणे आणि क्रीटचा बहुतांश भाग जर्मनीकडे, तर पूर्व मॅसिडोनिया आणि थ्रेस बल्गेरियाकडे गेले. धान्य पिकवणारे प्रदेश खाणाऱ्या शहरांपासून तुटले, ब्रिटिश नाकेबंदीमुळे समुद्रमार्गे येणारा गहू थांबला आणि 1941-42 च्या हिवाळ्यात अथेन्स व पिरेयसच्या रस्त्यांवर माणसे उपासमारीने मरू लागली. संपूर्ण ताब्याच्या काळात भुकेने आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी गेलेल्यांची संख्या सुमारे तीन लाख धरली जाते.

याच काळात जेत्या सैन्यांचा खर्चही ग्रीसवर लादण्यात आला. उत्पादन कोसळलेले, करवसुली जवळजवळ बंद पडलेली, अशा स्थितीत हा पैसा एकाच मार्गाने येऊ शकत होता: बँक ऑफ ग्रीसने नोटा छापायच्या आणि आगाऊ रकमा म्हणून द्यायच्या. ठरलेल्या खर्चापलीकडे जर्मनीने सक्तीचे कर्जही उचलले, त्याची 47.6 कोटी राइशमार्क ही थकबाकी आजही ग्रीक राजकारणात अधूनमधून वर येते. लोकांचा द्राख्मावरील विश्वास उडाला आणि बचतीसाठी व मोठ्या व्यवहारांसाठी ब्रिटिश सोन्याचा सॉव्हरिन हेच खरे चलन बनले. ही घसरण थोपवण्यासाठी नोव्हेंबर 1943 पासून हिटलरचे विशेष दूत हेर्मान नॉयबाखर यांनी अथेन्सच्या बाजारात सोने विकायला काढले, म्हणजे ज्यांच्या खर्चाने नोटा फुगत होत्या त्यांनाच त्या नोटांचा मान राखण्यासाठी सोने मोजावे लागले. वेग काही काळ मंदावला. थांबला मात्र नाही.

आता डब्यातील नोटांकडे पुन्हा पाहावे. 25,000 द्राख्मांच्या नोटेवर एका स्त्रीमूर्तीचे मुख आहे, जिला सूचीमध्ये अप्सरा डायडामिया म्हटलेले असते. नेमके तेच मुख 3 नोव्हेंबर 1944 च्या शंभर अब्जांच्या नोटेवर आहे. दोन नोटांमध्ये पंधरा महिन्यांचेही अंतर नाही, आणि दर्शनी मूल्य चाळीस लाख पटींनी वाढलेले आहे. नवे चित्र कोरण्यास वेळ नसला की जुनेच पुढे येते, हे त्या काळच्या इतर नोटांतही दिसते. सिरॅक्यूजच्या प्राचीन नाण्यावरील अरेथुसा पन्नास लाखांच्या नोटेवर आहे आणि दहा अब्जांच्या नोटेवरही आहे. पार्थेनॉनची शिल्पपट्टी वीस कोटींवर आहे आणि दोन अब्जांवरही. संग्राहकाने हे जुळे शेजारी-शेजारी लावले, तर महागाईचा आलेख काढण्याची गरज उरत नाही. शिक्षकांसमोर मी 25,000 आणि शंभर अब्ज या दोन नोटा एकाखाली एक ठेवल्या, तेव्हा त्यांनी प्रथमच भिंग मागितले.

यापुढची तारीख अधिक महत्त्वाची आहे. 12 ऑक्टोबर 1944 रोजी जर्मन सैन्य अथेन्समधून निघून गेले आणि 18 ऑक्टोबरला येओर्योस पापान्द्रेऊ यांचे सरकार परतले. दहा अब्जांची नोट 20 ऑक्टोबरची आणि शंभर अब्जांची 3 नोव्हेंबरची. म्हणजे ज्या दोन नोटा ‘जर्मनांच्या’ किंवा ‘नाझी ताब्यातील’ म्हणून सर्रास विकल्या जातात, त्या राजधानी मुक्त झाल्यानंतरच्या, स्वतःच्या सरकारच्या काळातील आहेत. पहिल्या व्यापाऱ्याचे विधान येथेच निकालात निघाले. हे सरकार जर्मनांइतकेच बेपर्वा होते, असा याचा अर्थ घेऊ नये: बंदरे, रेल्वे आणि कोरिंथचा कालवा उद्ध्वस्त झालेले, तिजोरीत कर येण्याची शक्यता नाही आणि नोकरांना पगार तर द्यायचा आहे, अशा वेळी हाताशी फक्त छापखाना होता. ग्रीक महागाईचा कळस त्यामुळे शत्रू गेल्यानंतर गाठला गेला. ऑक्टोबर 1944 मध्ये किमती साधारण सव्वाचार दिवसांत दुप्पट होत होत्या.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नोटेवरील तारीख म्हणजे ती नोट लोकांच्या हाती पडल्याचा दिवस असतोच असे नाही. छपाईचा निर्णय, छपाई आणि वितरण यांत अंतर पडते. त्यामुळे 11 ऑक्टोबर 1944 ची तारीख असलेली दोन अब्जांची नोट, जी या डब्यात नव्हती, केवळ एका दिवसाच्या फरकाने ‘ताब्यातील नोट’ म्हणून ठामपणे वर्गीकृत करणे मला पटत नाही. तिच्या बाबतीत मी माझ्या वहीत तारीख लिहितो आणि विशेषण टाळतो.

पगाराची कथा

घरच्यांच्या कथेची पारख करण्यासाठी सेवापुस्तक उघडले. त्यात ग्रीसमध्ये उतरल्याची नोंद डिसेंबर 1944 ची होती. चौथी भारतीय डिव्हिजन इटलीतील लढाईनंतर 1944 च्या अखेरीस ग्रीसमध्ये हलवण्यात आली. तिच्या ब्रिगेडी थेस्सालोनिकी, पात्रास आणि अथेन्स या भागांत विभागल्या गेल्या, आणि डिसेंबरमध्ये अथेन्समध्ये यादवी पेटली तेव्हा भारतीय जवान तिच्यात ओढले गेले. पदकाच्या नावात फक्त इटली असल्यामुळे शिक्षकांना आजोबा खरोखर ग्रीसमध्ये होते का याचीच शंका होती. ‘इटली स्टार’ हा ग्रीस आणि एजियन भागातील लढाऊ सेवेसाठीही दिला जात असे, त्यामुळे पदक आणि सेवापुस्तक यांत विसंगती नाही.

विसंगती पगाराच्या कथेत आहे. 11 नोव्हेंबर 1944 रोजी, अर्थमंत्री अलेक्झांद्रोस स्व्होलोस आणि बँकेच्या प्रमुखपदावरील झेनोफोन झोलोतास यांच्या कारकिर्दीत, जुना द्राख्मा मोडीत निघाला आणि पन्नास अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवा द्राख्मा असा दर ठरला. शंभर अब्जांच्या नोटेवरील तारखेपासून हा दिवस अवघा आठ दिवसांवर होता. आजोबा उतरले तेव्हा त्या नोटा व्यवहारातून बाद झाल्याला काही आठवडे लोटले होते. त्यांत पगार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी ग्रीसमध्ये सैन्यासोबत आलेले आणि व्यवहारात चालणारे चलन म्हणजे ब्रिटिश लष्करी प्रशासनाच्या नोटा, ज्यांतील एक डब्यात होतीच.

मग हिशोब केला. बँक ऑफ ग्रीसच्या आठ नोटांची दर्शनी बेरीज 110,731,025,000 द्राख्मा होते. तिला पन्नास अब्जांनी भागले की सव्वादोनपेक्षा किंचित कमी, म्हणजे सुमारे 2.21 नवे द्राख्मा उरतात. यांतील दोन द्राख्मा एकट्या निखर्वाच्या नोटेचे आणि वीस लेप्टा दहा अब्जांच्या नोटेचे (एका द्राख्माचे शंभर लेप्टा). उरलेल्या सहा नोटा, ज्यांत पन्नास कोटींची नोटही आहे, मिळून दीड लेप्टाही भरत नाहीत. नव्या द्राख्माचा दर एका ब्रिटिश लष्करी पौंडाला 600 असा बांधलेला होता. पौंडाचे वीस शिलिंग, त्यामुळे एका शिलिंगचे मूल्य 30 द्राख्मा होते, अर्थात संकोचाने काढलेली ती नोट बाकीच्या आठ नोटांच्या एकत्रित मूल्याच्या साडेतेरा पट होती.

हेच आपल्या चलनात मांडले तर अधिक स्पष्ट होते. त्या वेळी रुपया एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला होता. त्या दराने शंभर अब्जांची नोट पाऊण आण्यापेक्षाही थोडी कमी भरते, आणि शिलिंगची नोट दहा आणे आठ पैची. कोणत्याही बँकेने त्या नोटा नाकारल्याची घटना घडली असेल वा नसेल, पण ती घडली असती तरी आजोबांचे नुकसान तेव्हाच्या, आण्याला चार या हिशोबाच्या, तीन पैशांच्या आसपास मर्यादित राहिले असते. शिक्षकांनी हा गुणाकार-भागाकार माझ्यासमोर स्वतः पुन्हा करून पाहिला. गणिताचे शिक्षक असल्यामुळे असेल, उत्तर जुळल्यावर ते निराश होण्याऐवजी हसले.

या नोटा त्यांनी आठवण म्हणून घेतल्या असाव्यात, हा माझा निष्कर्ष आहे, आणि त्याला आणखी एक आधार आहे. दहांपैकी प्रत्येक नोट वेगळी आहे. एकही मूल्य दोनदा आलेले नाही. पगार साठवणाऱ्याकडे एकाच मूल्याच्या अनेक नोटा सापडतात, तर एकेक नमुना निवडून ठेवणाऱ्याकडे अशी चढती भांजणी सापडते. आजोबांना मुद्रासंग्रह हा शब्द माहीत नसेल, पण त्यांनी जे केले ते संग्राहकाचेच काम होते.

इटालियन मजकुराची नोट

नवव्या नोटेने थोडा वेळ घेतला. तिच्यावर ‘कास्सा मेदितेर्रानेया दी क्रेदितो पेर ला ग्रेचिया’ असे छापलेले आहे. इटलीने आपल्या ताब्यातील ग्रीक प्रदेशासाठी ही स्वतंत्र पतसंस्था उभी करून द्राख्मांतच नोटा काढल्या. भाषा इटालियन असल्याने त्या लिरा समजून विकल्या जातात. आयोनियन बेटांसाठी, जी इटलीला कायमची आपल्यात सामील करायची होती, 1942 मध्ये आणखी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. या दोन मालिका एकमेकींत मिसळू नयेत म्हणून नोटेवरील संस्थेचे नाव पूर्ण वाचावे. डब्यातील ही एकच नोट निःसंशयपणे जेत्याने काढलेली होती. 8 सप्टेंबर 1943 रोजी इटलीच्या शरणागतीची घोषणा झाली, तेव्हा ती चालवणारी सत्ताच गेली. आजोबा इटलीमार्गे ग्रीसला आलेले असल्यामुळे ती दोन्हींपैकी कोणत्याही देशात हाती लागणे शक्य होते, म्हणून नोंदीत ‘कोठे मिळाली’ हा रकाना मी कोरा ठेवला.

बाजारभाव आणि प्रत

दुसऱ्या व्यापाऱ्याचा भाव कमी असला तरी त्याची दिशा चुकीची नव्हती, हे मला मान्य करावे लागले. 1944 च्या नोटा प्रचंड संख्येने छापल्या गेल्या आणि मोडीत निघाल्यावर अनेकांनी त्या गंमत म्हणून जपल्या. परिणामी शंभर अब्जांची नोट प्रसिद्ध आहे, दुर्मीळ नाही. संग्राहकांच्या वापरातील पिक यांच्या सूचीत ती ग्रीस 135 या क्रमांकाने येते, 25,000 ची नोट 123 या क्रमांकाने. अशा सहज मिळणाऱ्या नोटांत भाव ठरतो तो प्रतीवर. घडी न पडलेली, कोपरे टोकदार असलेली, कडक नोट आणि मधोमध घडी पडलेली नोट यांच्या भावांत कितीतरी पटींचा फरक असतो. डब्यातील निखर्वाच्या नोटेला उभी आणि आडवी अशा दोन घड्या होत्या आणि डाव्या कडेला टाचणीच्या गंजाचे दोन डाग होते. चांगल्या प्रतीतील नोटेसाठी जो भाव सांगितला जातो, तो तिला लागू करणे चुकीचे ठरले असते.

एका मूल्यातही प्रकार असतात. 1944 च्या काही नोटांत अनुक्रमांकाची अक्षरे आकड्यांच्या आधी आहेत, तर काहींत नंतर, आणि सूचीत त्यांना वेगळी उपअक्षरे दिलेली आहेत. विकत घेताना एकच प्रकार दोनदा घेण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

खरोखर विरळ नोटा शोधायच्या असतील तर त्या अथेन्सबाहेर शोधाव्या लागतात. 1944 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राजधानीतून रोकड पोचणे अशक्य झाले, तेव्हा बँकेच्या पात्रास, कालामाता, नाफ्प्लियो, कॉर्फू अशा ठिकाणच्या शाखांनी स्थानिक पातळीवर कोट्यवधींच्या तात्पुरत्या नोटा छापून घेतल्या. त्यांची छपाई साधी आणि कागद जो मिळाला तो. दिसायला त्या एखाद्या सहकारी संस्थेच्या पावतीसारख्या वाटतात आणि नवखा संग्राहक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. याहून वेगळा नमुना डोंगराळ भागातील प्रतिकार चळवळीच्या समितीचा आहे. तिने 1944 मध्ये काढलेल्या रोख्यांवर मूल्य द्राख्मांत नाही, तर गव्हाच्या ओकांत लिहिलेले आहे. ओका हे तेथील जुने वजन, साधारण 1.28 किलोचे. पैशावरचा विश्वास संपल्यावर माणसे धान्याच्या मापाकडे वळतात. आपल्याकडे बलुतेदारांना पायली-कुडवाने मोबदला मोजणाऱ्या गावांना हे समजावून सांगावे लागले नसते. माझ्या मते ग्रीक युद्धकालीन संग्रहात निखर्वाच्या नोटेपेक्षा हा रोखा अधिक बोलका आहे, आणि तो माझ्याकडे नाही.

नकलांबाबत शिक्षकांना विशेष सांगावे लागले, कारण त्यांच्या भ्रमणध्वनीवर कोणी तरी पाठवलेल्या जाहिरातीत सोनेरी पत्र्यावरील ‘शंभर अब्ज द्राख्मा’ दिसत होते. अशा शोभेच्या वस्तू ओळखणे सोपे. कागदावरील आधुनिक छपाई ओळखण्यासाठी भिंग लागते. भिंगाखाली रेषांऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची प्रत समजावी. अतिनील दिव्याखाली आजचा कागद पांढराशुभ्र चमकतो, कारण त्यात उजळपणा आणणारी रसायने असतात. त्या काळचा कागद सहसा मंदच राहतो. मात्र जुनी नोट साबणाच्या पाण्यात धुतलेली असेल तर तीही चमकू शकते, म्हणून केवळ या कसोटीवर निर्णय देऊ नये. डब्यातील दहाही नोटा या तपासणीत खऱ्या ठरल्या.

काय करायचे ठरले

शिक्षकांचा एक प्रश्न उरला होता: बँक ऑफ ग्रीस आज या नोटांचे काही देईल का? त्याचे उत्तर नाही असे आहे. 1944 नंतरही द्राख्मा अवमूल्यनातून सुटला नाही. 1954 मध्ये पुन्हा हजारास एक असा नवा द्राख्मा आला, 2002 मध्ये युरोच्या नोटा व्यवहारात आल्या, आणि शेवटच्या द्राख्मा नोटा बदलून देण्याची मुदतही 1 मार्च 2012 रोजी संपली. 1944 च्या नोटा तर त्याआधीच दोनदा कालबाह्य झालेल्या.

विकण्याविषयी मी त्यांना असे सुचवले की, सुट्या विकल्यास या नोटा दहा सामान्य नोटा ठरतील. सेवापुस्तक आणि पदकासह एकत्र राहिल्या तर त्या एका नोंदलेल्या माणसाने, नोंदलेल्या काळात, नोंदलेल्या ठिकाणी जमवलेला संच ठरतात. जुन्या कागदाच्या बाजारात ज्याला मालकीचा इतिहास म्हणतात, तो येथे आयता उपलब्ध आहे आणि तो एकदा तुटला की पुन्हा जोडता येत नाही. त्यांनी विकण्याचा विचार सोडला, पण तो माझ्या सांगण्यामुळे की आईच्या आग्रहामुळे, हे मी विचारले नाही.

जतनाची कामे लगेच केली. टाचण्या काढल्या, गंजाचे डाग तसेच ठेवले, कारण ते पुसण्याच्या प्रयत्नात कागद फाटतो. इस्त्री करून घड्या घालवण्याची कल्पना शिक्षकांच्या पत्नीने मांडली होती, ती नम्रपणे नाकारली, कारण इस्त्रीने कागदातील तंतू चेपतात आणि जाणकाराला ते लगेच कळते. लॅमिनेशन, चिकटपट्टी आणि बाजारातील स्वस्त पीव्हीसीची पाकिटे यांना मनाई केली. पीव्हीसीतून कालांतराने निघणारे द्रव्य कागदावर चिकट थर सोडते. पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटांत नोटा ठेवल्या आणि वही पत्र्याच्या डब्याऐवजी लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवण्यास सांगितले. आमच्या भागातील पावसाळ्यात बंद पत्र्याला आतून पाणी सुटते आणि मेणकापडाच्या घडीत कसर मुक्काम ठोकते. इतकी वर्षे या नोटा टिकल्या हे आश्चर्यच आहे.

प्रत्येक पाकिटामागे लावण्यासाठी चिठ्ठ्या तयार केल्या. त्यांवर मूल्य, नोटेवरील तारीख, पिक क्रमांक, आणि 11 नोव्हेंबर 1944 च्या दराने होणारे नव्या द्राख्मांतील मूल्य, एवढेच लिहिले. क्रम ठरवताना शिक्षकांनी स्वतःहून शिलिंगची नोट पहिल्या पानावर घेतली आणि निखर्वाची शेवटच्या पानावर नेली. तारखांच्या क्रमाप्रमाणे हे बसत नाही, असे मी म्हणालो. ‘असू दे सर, मूल्याच्या क्रमाने लावलंय,’ ते म्हणाले. मधल्या नोटांचा क्रम मात्र मी तारखेप्रमाणेच ठेवला.